चिंगीला मारलेली हाक

ज्या गाड्यांची नावं मी आयुष्यभर घेतली, त्यांतल्या निम्म्या मी धड पाहिल्यासुद्धा नाहीत. ग्वाल्हेर स्टेशनवर आमची उद्घोषणेची खोली एक नंबरच्या फलाटाला लागून होती खरी, पण तिच्या खिडकीची काच होती दुधी. त्या काचेतून गाडी म्हणजे नुसती एक लांबलचक सावली. ती सरकत यायची, थांबायची, तिच्यातून लहान लहान सावल्या उतरायच्या, दुसऱ्या चढायच्या, आणि मग सगळं पुन्हा पांढरं व्हायचं. दुपारी डबा खाऊन त्या काचेकडे बघत बसलं की वाटायचं, आपण तळ्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुठेतरी जग चाललंय. मग फोन वाजायचा आणि मी माइकचं बटण दाबायचे.

दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे? मी तर नुसती बोलले. तेही दुसऱ्यांनी ठरवून दिलेलं.

माझं माहेर किला गेटजवळचं. आमचे मूळ पुरुष दख्खनेतून फौजेबरोबर इथे आले आणि इथलेच झाले. पुढे तलवारी गेल्या, नोकऱ्या आल्या. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, अशा दोन भाषा आम्ही चपलांसारख्या दारात बदलायचो. रेल्वेत लागले ती चौकशीच्या खिडकीवर. तिथून कुणीतरी माझा आवाज ऐकला आणि मला माइकसमोर बसवलं. तेव्हाचे आमचे वरिष्ठ एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं, "मैडम, आवाज़ ऐसी रखिए कि सोया हुआ जाग जाए, पर घबराए नहीं."

बाहेरच्या माणसाला वाटतं, बाई बसते आणि बोलते, यात काम ते काय? खरं काम गप्प राहण्याचं असतं. झाशीकडची गाडी आमच्या आधीचं सिथौली स्टेशन सोडते, तसा मास्तरांकडे फोन येतो, तिथून आम्हाला कळतं. तेव्हाच बोलायचं की थोडं थांबायचं, हे ज्याचं त्याने ओळखायचं. लवकर बोललात तर माणसं पोरंबाळं, ट्रंका घेऊन फलाटाच्या काठाशी उभी राहतात आणि उगाच ढकलाढकल होते. उशिरा बोललात तर म्हातारी माणसं जिन्यावर धावतात. मधली एक वेळ असते. ती घड्याळात नसते, कानात असते.

माझी हिंदी चांगली होती, पण 'झाँसी' म्हणताना माझा झ नेहमी 'माझा'तल्या झ सारखा व्हायचा. सराफा बाजारातले एक मराठी आजोबा केवळ तेवढ्यासाठी एकदा खिडकीशी आले होते. "लश्करातली की किला गेटची गं तू?" त्यांनी विचारलं. लश्कर म्हणजे ग्वाल्हेरातली जुनी मराठी वस्ती. मी सांगितलं. "वाटलंच," म्हणाले आणि समाधानाने निघून गेले. गाडीबिडी त्यांना कुठलीच धरायची नव्हती.

माणसं हरवली की मात्र खरी धावपळ. हरवलेल्याचं नाव घ्यायचं आणि तो जिथे असेल तिथून चौकशीच्या खिडकीशी यावा अशी विनंती करायची. वाक्य ठरलेलं. एकदा एक बाई आली, डोळे रडून लाल. नवरा भांडून दिल्लीच्या गाडीला निघाला होता. "आप माइक पे बोल दीजिए, ग़लती मेरी थी, घर लौट आइए." मी म्हटलं, बाई, तसं नाही बोलता येत, आमचं वाक्य ठरलेलं असतं. मी ठरलेलंच बोलले. नवरा घामाघूम होत आला, बायकोला काही झालं की काय म्हणून. तिला धडधाकट बघून असा काही संतापला! दोघं तिथेच भांडायला लागली आणि भांडत भांडतच एका रिक्षात बसून घरी गेली. दिल्लीची गाडी आपल्या वेळेला सुटली. त्या दिवशी मला वाटलं, आपलं ते कोरडं वाक्यच बरं. त्यात ज्याला जे ऐकायचं ते तो ऐकतो.

पुढे संगणक आला. गाड्यांची घोषणा करणारी एक गोड बाई त्यात कायमची राहायला आली. तिला सर्दी होत नसे, ती रजा घेत नसे. माझ्याकडे माइक उरला तो फक्त अचानक बदललेल्या फलाटांसाठी आणि हरवलेल्या माणसांसाठी. लोक म्हणत, काम हलकं झालं तुमचं. झालंच. पण तसं ऐकलं की मला जरा लागायचं.

आता जे सांगायचंय ते त्या दिवसांतलं.

ग्वाल्हेरचा हिवाळा ज्याने पाहिला नाही त्याला आमचं धुकं सांगून कळायचं नाही. पौषात ते उतरतं आणि चार-चार दिवस हलत नाही. किल्ला एवढा डोंगरभर पसरलेला, पण स्टेशनातून दिसेनासा होतो. जणू रात्री कुणी उचलून नेलाय. फलाटावर शेजारच्या बाकावरचा माणूस म्हणजे एक करडा डाग. शेकोट्या, चहाची वाफ, घोंगड्या, खोकले, आणि कुठून तरी येणारी इंजिनाची शिट्टी. ती कुठल्या बाजूची, हेसुद्धा कळत नाही. सगळ्या गाड्या उशिरा. आदल्या संध्याकाळची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येते आणि कुणाला त्याचं नवलही वाटत नाही. माणसं अर्धवट झोपेत असतात. मलाही त्या दिवसांत जागेपण आणि झोप यांच्यामधली भिंत पातळ झाल्यासारखी वाटायची.

अशाच एका सकाळी दार ढकलून एक माणूस आत आला. गळ्यात मफलर, आणि त्या थंडीतही कपाळावर घाम. त्याच्या मागे शाल पांघरलेली त्याची बायको. तिच्या हातात आणखी एक शाल होती, रिकामी.

"मैडम, मेरी मदर... मिल नहीं रही हैं."

नाव विचारलं. "इंदिराबाई," तो म्हणाला. त्या 'बाई'वरून मी ओळखलं आणि मराठीत विचारलं, "कुठे बसल्या होत्या?"

त्याला जरा धीर आला. त्याचं नाव अविनाश, बायको अर्चना. दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत राहणारी माणसं. पुण्याची गाडी धरायची होती. ती आदल्या संध्याकाळची, अजून यायची होती. मुलगी रिया लहान, तिची शाळा म्हणून तिला शेजारी ठेवलं होतं. अविनाश डबा कुठे लागेल ते विचारायला गेला. अर्चना चहा घ्यायला पाठमोरी झाली. चहा घेऊन वळली तर बाक रिकामा, आणि बाकावर सासूबाईंची शाल.

"किती वय?"

"ऐंशीच्या पुढे. पण चालते भराभरा," अविनाश म्हणाला. "आणि... तिला हल्ली काही लक्षात राहत नाही."

मी माइक घेतला. "श्रीमती इंदिराबाई जहाँ कहीं भी हों, कृपया एक नंबर प्लेटफ़ॉर्म पर पूछताछ कार्यालय आएँ. उनके परिजन उनकी प्रतीक्षा कर रहे हैं." एकदा, दोनदा, तीनदा बोलले. रेल्वे पोलीस टॉर्च घेऊन निघाले. दोघे-तिघे हमाल आपणहून निघाले. पण धुक्यात टॉर्च म्हणजे समोर एक पांढरी भिंत उभी राहते, बाकी काही नाही. माणसं आवाज देत चालली होती आणि एकमेकांवरच आपटत होती.

एवढ्यात आमचे उपस्टेशन मास्तर तोमरसाहेब आत आले. मुरैनेकडचा उंचापुरा माणूस, भरघोस मिशा, बोलणं दणदणीत. त्यांचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"दो नंबर पर झाँसी साइड से गाड़ी ले रहा हूँ, मैडम. माताजी कहीं लाइन पर तो नहीं उतर गईं?"

फलाट जिथे संपतो तिथे तो उताराने खाली रुळांपर्यंत जातो. चालणाऱ्याला धुक्यात कळतही नाही की पायाखालची फरशी कधी संपली आणि खडी कधी सुरू झाली. आणि गाडीच्या चालकाला तर इंजिनापुढचं काहीच दिसत नसतं. तो सिग्नलच्या भरवशावर येतो.

"होम सिग्नल पर रोक देता हूँ," तोमरसाहेब म्हणाले. होम सिग्नल म्हणजे स्टेशनचा उंबरठा; तो लाल असला की गाडीने आत पाऊल टाकायचं नाही. "पर कितनी देर रोकूँगा? उसके पीछे दो और खड़ी हैं."

मी पुन्हा माइककडे हात नेला. तेवढ्यात अर्चना पहिल्यांदाच बोलली. मराठीत बोलली, पण त्या मराठीची चाल इथली नव्हती, दख्खनेतलीही नव्हती.

"ताई, ते नाव नका घेऊ. त्यांना आता हिंदी नाही कळत."

"थोडं थोडं कळतं गं," अविनाश म्हणाला.

"नाही कळत. तुम्ही दिवसभर बाहेर असता." ती माझ्याकडे वळली. "आणि इंदिराबाई म्हटलेलं पण नाही कळत. ते नाव लग्नातलं. त्या स्वतःला चिंगी म्हणतात."

"चिंगी?" अविनाश बघतच राहिला. "कोण चिंगी? मी तर कधी ऐकलं नाही."

"वेणी घालताना सांगतात मला. मिरजेजवळचं त्यांचं गाव आहे ना, तिथं सगळे चिंगी म्हणायचे. संध्याकाळ झाली की दारात जाऊन बसतात. म्हटलं, आई, आत चला, तर म्हणतात, आई हाक मारेल तेव्हा जाईन."

अर्चना भिंडची, हे मला नंतर कळलं. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासूने स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. आणि आता त्या घरात सासूशी मराठीत बोलणारी ती एकटीच उरली होती. लेकाचं मराठी केव्हाच पातळ होऊन हिंदीत मिसळून गेलं होतं.

मी तोमरसाहेबांकडे बघितलं. ठरलेलं वाक्य, ठरलेल्या भाषा. इतक्या वर्षांत त्या माइकवर मी माझ्या भाषेतला एक शब्द उच्चारला नव्हता.

"साहब, मराठी में बोलूँ?"

"मैडम, आप चीनी में बोलिए," ते म्हणाले, "बस जल्दी बोलिए."

मी बटण दाबलं आणि म्हटलं, "चिंगी, इकडे ये..." तोच अर्चनाने माझा हात धरून माइकवरून खाली ओढला.

"इकडे नका म्हणू! इकडे म्हणजे कुठे? भोंगे तर चारी बाजूंना आहेत. त्या चालत सुटतील."

तिचं खरं होतं. माझा आवाज स्टेशनभर टांगलेल्या भोंग्यांतून येत होता. ज्या बाईला आवाजाची दिशा धरून यायला सांगायचं, तिला आवाज सगळीकडूनच ऐकू येणार.

"मग काय म्हणू?"

"बस म्हणा. आहे तिथं बस. आणि ओ द्यायला सांगा. त्या ओ देतात. मी घरात हाक मारली की कुठूनही ओ देतात."

मी डोळे मिटले. कशाला मिटले सांगता येणार नाही. समोर तशीही दुधी काचच होती. आणि मला एकदम आमच्या किला गेटच्या घराची गच्ची दिसली. दिवेलागणीची वेळ, खाली गल्लीत आम्ही पोरी खेळतोय, आणि कठड्यावरून ओणवून माझी आई हाक मारतेय. ती रागावलेली नाही, पण आता जायलाच हवं असा तो सूर. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्या क्षणी तो सूर माझ्या घशात अगदी आयता आला.

आधी हिंदीत सांगितलं, "यात्रीगण, एक बुज़ुर्ग माताजी कोहरे में खो गई हैं. थोड़ी देर के लिए सब लोग बिल्कुल चुप हो जाइए. चायवाले भाई, आप भी."

आणि मग:

"चिंगेऽऽ... अगं चिंगे... किती वेळ झाला गं? आहेस तिथंच खाली बस बघू. हलायचं नाही. आई घ्यायला येतेय तुला. कुठंयस? ओ दे."

बटण सोडलं आणि दार उघडून मी फलाटावर आले.

इतकी वर्षं त्या स्टेशनात काढली, पण असं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे, काही न ऐकू येणं ऐकलं नव्हतं. चहाची किटली खाली ठेवलेली. हातगाड्या थांबलेल्या. पोरांच्या तोंडावर आयांचे हात. एवढा मोठा फलाट, शेकडो माणसं, आणि धुकं तेवढं हळूहळू दिव्यांखालून वाहतंय. आपण सगळेच कुणाच्या तरी स्वप्नात उभे आहोत आणि तो जागा होऊ नये म्हणून श्वास धरलाय, असं वाटत होतं.

काही आलं नाही.

मी परत आत गेले. "चिंगे, शहाणी गं माझी. बसलीस ना? मोठ्यांदा ओ दे, मला ऐकू येऊ दे."

पुन्हा दारात आले. आणि मग लांबून, झाशीच्या बाजूने, एक बारीक आवाज आला.

"ओऽऽऽ."

तो ऐंशीच्या पुढच्या बाईचा आवाज नव्हता हो. सात-आठ वर्षांच्या मुलीचा होता. खेळ मोडल्यामुळे जरा रुसलेला.

अर्चना धावली. पायातल्या चपला तिने कधी काढल्या ते मी पाहिलं नाही. त्या माझ्या दाराशी राहिल्या. तिच्या मागे अविनाश, हमाल, पोलीस. मी मात्र आत जाऊन बोलत राहिले. "तशीच बस हं. आलेच मी. आलेच." त्यांना वाट सापडावी म्हणून तिने ओ देत राहायला हवं होतं आणि ती देत होती.

फलाटाचा उतार संपून बरंच पुढे, दोन नंबरच्या रुळांच्या मधोमध, खडीवर मांडी घालून ती बसलेली होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. सांगितलं होतं तशी, जराही न हलता. ज्या लाइनवर गाडी यायची होती ती तीच लाइन. हमालाने येऊन सांगितलं तेव्हा तोमरसाहेब माझ्या खोलीतल्या स्टुलावर मटकन बसले आणि मिशांवरून हात फिरवत नुसते "हे राम, हे राम" म्हणत राहिले. मग उठले आणि सिग्नल द्यायला गेले.

तिला घेऊन आले तेव्हा मी दारात होते. लहानखुरी, गोरीपान, हाताला खडीची धूळ. अर्चनाने तिला शालीत गुंडाळून कवेत धरलं होतं. ती इकडे तिकडे बघत होती.

"आई कुठंय?" तिने विचारलं.

मला तोंड लपवावंसं वाटलं. हाक तर मारली होती. आता आई कुठून आणू?

"मीच आले ना घ्यायला," अर्चना म्हणाली.

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या गालावरून हात फिरवला. मग खाली बघितलं आणि एकदम मोठ्या बाईच्या आवाजात म्हणाली, "एवढ्या थंडीत अनवाणी आलीस? चपला कुठायत तुझ्या?"

अर्चना तिथेच रडायला लागली.

तोवर माझ्या दाराशी माणसं जमली होती. काठी टेकत आलेले एक आजोबा, "कोण चिंगी? सापडली का चिंगी?" असं विचारत होते. एक नऊवारीतली बाई. बँकेत काम करणारी दोन पोरं, ती हिंदीत बोलत होती पण डोळे पुसत होती. "घरी आजी असंच बोलायची," त्यातला एक मराठीत म्हणाला. एवढी मराठी माणसं त्या एका फलाटावर होती! रोज माझ्या आवाजाखालून जात असतील, आणि मला कधी कळलं नाही. त्यांनाही एकमेकांचं कधी कळलं नाही. ती नऊवारीतली बाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही हाक मारलीत तेव्हा मीच ओ देणार होते."

मी त्यांना आत बसवून चहा मागवला. पुण्याला कशाला निघाला होता, असं सहज विचारलं. अविनाशने कपाकडे बघत सांगितलं. आईला थोरल्या भावाकडे ठेवायला निघाले होते. कायमचं. घरात होईना, दोनदा गल्लीतून हरवून झाली होती. भाऊ म्हणाला होता, इथे दिवसभराची बाई ठेवतो.

अर्चना सासूचे हात ओल्या रुमालाने पुसत होती. तेवढ्यात संगणकातल्या बाईने पुण्याची गाडी येत असल्याचं सांगितलं, तिच्या नेहमीच्या गोड आवाजात. अविनाश उठला. बॅगा उचलल्या. अर्चना बसूनच राहिली.

"चल ना," तो म्हणाला.

"तिथं हाक कोण मारेल?" अर्चनाने विचारलं.

"म्हणजे?"

"तिथं त्या हरवल्या तर चिंगी म्हणून हाक कोण मारेल? दादांना माहीत आहे? तुम्हाला तरी आज सकाळपर्यंत कुठं माहीत होतं?"

गाडीची सावली काचेवरून सरकत आली आणि थांबली. अविनाश बॅगा हातात धरून उभा. मध्ये बोलायचं माझं काय काम? सावलीतून सावल्या उतरल्या, चढल्या. म्हातारी चहात बिस्कीट बुडवून मन लावून खात होती. मग शिट्टी झाली. काच पुन्हा पांढरी झाली तेव्हा अविनाशने बॅगा खाली ठेवल्या, आईसमोर उकिडवा बसला आणि तिच्या चपलेचा सुटलेला पट्टा लावत म्हणाला, "चला, ऑटो बघतो."

वरून त्या दिवशी फोन आला. स्टेशनवर हे काय चाललं होतं, कुठल्या भाषेत, कुणाच्या परवानगीने? तोमरसाहेबांनी फोन घेतला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जी, मैंने बुलवाया था." ठेवून दिला. माझ्याशी त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर मी दिसले की "क्या हाल है, चिंगी की अम्मा?" असं मात्र ते त्यांच्या बदलीपर्यंत विचारत राहिले.

मी त्यांच्या घरी जायला लागले ती तिथून. सुट्टीच्या दिवशी दाल बाजारात काही घ्यायचं निमित्त करून मागच्या गल्लीत शिरायचं. मला बघून इंदिराबाईंच्या चेहऱ्यावर ओळखीची रेघ उमटत नसे. पण मी बोलले की त्या चटकन सरळ बसायच्या, पदर सारखा करायच्या आणि जरा घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारायच्या, "आता घरी जायचं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "नाही गं. खेळ अजून थोडा."

केवढ्या खूष व्हायच्या! त्यानंतर दर खेपेला तेच. "आता जायचं?" "खेळ अजून थोडा." कधी चिंचोके, कधी नुसता पदराचा काठ. आयुष्यभर मी लोकांना गाडी आली, चला, उठा, सांगत आले; बस, घाई नाही, असं सांगायची संधी मला त्या एका माणसाने दिली. नोकरी संपली, निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ मिळाला. तरी जाणं चालूच राहिलं. मग एका उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, अर्चनाच्या मांडीवर डोकं ठेवून त्या झोपल्या त्या झोपल्याच.

दिवसकार्य आटोपल्यावर मी जाणं थांबवलं. कुणाकडे जायचं आता, असं वाटलं. काही दिवसांनी अर्चनाचा फोन आला.

"ताई, तुम्ही येत नाही?"

"येईन गं."

"या ना. घरात आता मराठी बोलायला कोणीच नाही. यांच्याशी बोलते तर हिंदीत जवाब देतात. रिया तर अर्धं इंग्लिश बोलते. मी एकटी एकटी बोलते स्वयंपाकघरात. तोंडातून जाईल ना माझ्या."

गेले. आता दर आठवड्याला जाते. भिंडची ही मुलगी मिरजेकडच्या एका गावाचं जुनं मराठी बोलते. उलथन्याला 'कलथा' म्हणते, उशीर झाला की 'बेस वेळ लावलास' म्हणते. त्या गावात तरी आता असं कोणी बोलत असेल की नाही कोण जाणे. मी मराठी घरात जन्मलेली, पण मीच तिला कधी कधी विचारते, "हे काय म्हणालीस गं?" ती सांगते, आणि सांगताना जरा लाजते.

परवा अशीच गेले होते. आम्ही गच्चीत बसून गवार मोडत होतो. ऊन उतरलं होतं, समोर किल्ला तांबूस झाला होता. खाली गल्लीत रिया मैत्रिणींबरोबर बॅडमिंटन खेळत होती. आता बारा-तेरा वर्षांची झालीय. दिवे लागले तशी अर्चना उठली, कठड्यावर ओणवली आणि खाली बघत हाक मारली, "रियाऽऽ, चल गं घरी, दिवे लागले."

खालून लगेच उत्तर आलं, "आईऽऽ!"

हिंदीत 'आई' म्हणजे 'आले'. ती हिंदीत 'आले' म्हणाली की मराठीत आईला हाक मारली, काही कळायला मार्ग नव्हता. घरी ती आईला मम्मी म्हणते, एवढं मला ठाऊक आहे. मी अर्चनाकडे बघितलं. ती हसत होती. विचारायचं म्हणून दोघींच्याही तोंडावर आलं होतं, पण पोरगी जिन्यावरून धडधडत वर येत होती, आणि आम्ही काही विचारलं नाही.